आयएनआर खोटा येतो तो बहुतेकदा मशीनच्या आधीच : या चुका टाळा

वॉरफरिन किंवा असिनोकुमरॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या पेशंटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा आकडा) अचानक ४ च्या पुढे गेला, की डोस कमी करायची घाई होते. त्याआधी ट्यूब बघा.

निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते; ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हा हिशेब. २.७ मिली रक्ताच्या ट्यूबमध्ये २ मिलीच घेतले, तर जादाचे सायट्रेट प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) उरते, चाचणीत घातलेले कॅल्शियम बांधून टाकते आणि पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे प्लाझ्मा गोठायला लागणारे सेकंद; आयएनआर यावरूनच निघतो) उगाच लांबतो. खुणेच्या ९० टक्क्यांखाली भरलेली ट्यूब परत पाठवावी. बटरफ्लाय सुई लावली असेल, तर नळीतल्या हवेमुळे पहिली ट्यूब हमखास कमी भरते. म्हणून आधी एक टाकाऊ ट्यूब लावायची. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ५५ च्या वर असेल, तर ट्यूब पूर्ण भरूनही हीच गत होते, कारण प्लाझ्माच कमी असतो. ६० हिमॅटोक्रिटला २.७ मिली रक्तासाठी ०.३ ऐवजी साधारण ०.२ मिली सायट्रेट पुरते.

भरल्यावर ट्यूब हलक्या हाताने ३-४ वेळा उलटीसुलटी करा, खुळखुळवू नका. बारीकशी गुठळी दिसली तरी सॅम्पल बाद.

गडहिंग्लज, चंदगड, गगनबावड्याहून कोल्हापुरात येणारी सॅम्पल अनेकदा इतर ट्यूबांबरोबर बर्फाच्या डब्यात येतात. साखरेच्या तपासणीला ते ठीक, इथे नाही. थंडाव्यात फॅक्टर ७ (रक्त गोठवणारा एक घटक) सक्रिय होतो आणि पीटी खोटा कमी दिसतो. बंद ट्यूब साध्या तापमानाला, १८ ते २४ अंशांत ठेवली, तर पीटी २४ तासांपर्यंत चालतो. एपीटीटी (गोठण्याची वेळ मोजणारी दुसरी चाचणी) ४ तासांतच करावा. एप्रिल-मेमध्ये मोटारसायकलच्या डिकीला साधे तापमान म्हणू नये! पेशंट हेपरिनवर (रक्त न गोठण्याच्या इंजेक्शनवर) असेल, तर तासाभरात प्लाझ्मा वेगळा करा; नाहीतर प्लेटलेटमधून सुटणारा घटक हेपरिन निकामी करतो आणि एपीटीटी कमी येतो. हेपरिनने धुतलेल्या शिरेतल्या लाइनमधून रक्त घेतले, की उलटे होते : एपीटीटी खोटा लांबतो.

आता आकडेमोड. पेशंटचा पीटी भागिले नॉर्मल पीटी, आणि त्याचा आयएसआय (चाचणीच्या रसायनाचा, म्हणजे रिएजंटचा, संवेदनशीलतेचा आकडा) इतका घात. पीटी २६ सेकंद, लॅबचा सरासरी नॉर्मल पीटी १३, रिएजंटचा आयएसआय १.३ : आयएनआर २.४६. रिएजंटचा लॉट (एका खेपेचा साठा) बदलला आणि आयएसआय चुकून १.० च राहिला, तर तोच पेशंट २.० दिसतो. प्रत्येक नव्या लॉटला आयएसआय बदला आणि किमान २० निरोगी माणसांवरून सरासरी पुन्हा काढा. शेजारच्या लॅबची सरासरी उसनी घेऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती नव्या गोळ्यांची चूक. डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांचा डोस आयएनआरवर ठरत नाही. अपिक्साबॅन रक्तात भरपूर असतानाही पीटी नॉर्मल येऊ शकतो. ऑपरेशनआधी त्यावर विसंबणे धोक्याचे. तिथे त्याच औषधावर कॅलिब्रेट केलेली अँटी-टेन-ए चाचणी (औषध फॅक्टर १०-ए किती रोखते, ते मोजणारी) लागते. डाबिगाट्रानला थ्रॉम्बिन टाइम (थ्रॉम्बिन घातल्यावर प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ) फार संवेदनशील असतो : तो नॉर्मल असेल तर औषध जवळपास नाहीच समजा. एनॉक्सापॅरिनची (हेपरिनच्याच जातीच्या इंजेक्शनची) पातळी हवी असेल, तर सॅम्पल इंजेक्शननंतर ४ तासांनी घ्या, एपीटीटीवर जाऊ नका. म्हणून फॉर्मवर औषधाचे नाव, शेवटच्या डोसची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ तिन्ही लिहून घ्या. नुसते ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ लिहिलेला फॉर्म काउंटरवरच थांबवून विचारा.