जिवंत बोय गळाला लावताना या चुका टाळा

मोठ्या माशासाठी आमिष म्हणून गळाला लावलेली बोय (खाडीतला लहान मासा, इंग्रजीत मलेट) पाच मिनिटांत उताणी पडत असेल, तर आधी गळ कुठे टोचला होता ते पाहा. जिताडा, तांबोशी, रावस यांना हलतं आमिष हवं असतं, आणि आमिषाची धडपड किती टिकेल ते टोचण्याच्या जागेवर ठरतं. एकदा शिकलेली एकच जागा लोक वर्षानुवर्षं वापरतात, मग पाणी ओढीचं असो की थांबलेलं. सगळ्यात जास्त बोया याच सवयीमुळे वाया जातात.

मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांतून सोडतो. ओढीच्या पाण्यात त्याचं तोंड ओढीकडे राहिलं तरच हे नीट चालतं. मनोरी किंवा वसईच्या खाडीत भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात जवळजवळ निम्मं पाणी सरकतं. त्या वेळी पाठीत टोचलेली बोय आडवी धरली जाते, दोरीभोवती गरगरते आणि लीडरला (गळाजवळच्या जाड दोरीला) पीळ बसतो. शेपटीजवळ टोचलेलीची गत त्याहून वाईट होते. ती उलटी ओढली जाते, कल्ल्यांत मागून पाणी शिरतं आणि बिचारी पाण्यातच गुदमरते. म्हणून मधल्या दोन तासांत गळ तोंडाकडे लावा. भरती-ओहोटीच्या पहिल्या आणि शेवटच्या तासात, पाणी जवळपास थांबलेलं असताना, पाठीत लावा.

ओठात टोचताना

हात समुद्राच्या पाण्यात ओला करा. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघून जातो. बोय तळव्यात आडवी धरा, अंगठा आणि तर्जनी कल्ल्यांच्या मागे ठेवा, पोट दाबू नका. गळाचं टोक तोंडाच्या आतून वर काढा, वरच्या ओठाच्या बरोबर मध्यातून, नाकपुड्यांच्या किंचित पुढे. तिथे कातडी जाड असते आणि टोक बाहेर येताना हलकासा करकर असा विरोध बोटाला कळतो. तो कळला नाही तर तुम्ही ओठाची पातळ कड पकडली आहे. फेकताना ती फाटणारच. टोक मध्यरेषेच्या डावी-उजवीकडे सरकलं तरी बोय फिरकीसारखी फिरते. काढून पुन्हा लावण्यापेक्षा दुसरी बोय घ्या, कारण दोन भोकं पडलेला ओठ फार वेळ तग धरत नाही.

खालचा आणि वरचा असे दोन्ही ओठ एकत्र शिवणं ही नेहमीची चूक. पकड घट्ट मिळते हे खरं, पण तोंड मिटतं आणि श्वास अडतो. मेलेल्या बोयीला तसं लावायला हरकत नाही.

पाठीत टोचताना

बोयीच्या पाठीवर दोन पर असतात, पुढच्याला चार काटे. या पुढच्या पराच्या जरा पुढे, कातडीखालून तीन-चार मिलिमीटर मांस घेऊन टोक पलीकडे काढा. खोल गेलात तर कण्याला लागतं आणि मागचं अंग लुळं पडतं. मागच्या परापाशी टोचलं की डोकं खाली होतं आणि बोय तळाकडे पोहते. फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडाखाली) सोडताना हे सोयीचं, पण खडकाळ जागी ती सरळ कपारीत शिरते.

खवलं विसरू नका. बोयीचं खवलं मोठं असतं आणि टोचताना ते गळाच्या टोकावर टोपीसारखं बसतं. जिताड्याने बोय घेतली तरी टोक तोंडात घुसत नाही. टोचायच्या जागेचं एक खवलं नखाने काढा, आणि गळ लावून झाल्यावर टोक पूर्ण उघडं आहे ना ते पाहा.

गळाचा आकार बोयीवरून ठरवा. दहा-बारा सेंटिमीटरच्या बोयीला 3/0 मापाचा सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ), पंधराच्या आसपास असेल तर 5/0. गळाची वक्र जागा बोयीच्या डोक्याच्या जाडीने भरून गेली तर माशाला पकडायला जागाच उरत नाही. उलट फार जड गळ लावला तर लहान बोय पाच मिनिटांत थकते. लीडर 40 ते 60 पाउंड ताकदीचा, हातभर लांब पुरतो. जिताड्याला कापणारे दात नसतात, पण कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. बारीक दोरी तिथेच तुटते.

सर्कल हुकाला झटका देऊ नका. ओढ लागली की रॉड खाली ठेवूनच रील सावकाश फिरवत राहा. गळ तोंडाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटक्याने तो तोंडातून निसटून येतो.

बादलीतल्या चुका

अर्धमेली बोय कुठेही टोचली तरी चालत नाही. वीस लिटरच्या बादलीत दहा सेंटिमीटरच्या सहा ते आठ बोया पुरे, बॅटरीवरचा एअर पंप लावून. नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोरीनने कल्ले जळतात. नाल्याच्या तोंडाशी बोया भरपूर मिळतात, पण तिथलं पाणी बादलीत भरू नका, त्यात प्राणवायू आधीच कमी असतो. मे महिन्यात गरम पाण्यात तो आणखी कमी होतो, म्हणून बर्फाची बंद बाटली बादलीत सोडा. सुटा बर्फ टाकला तर पाण्याचा खारेपणा बदलतो. मेलेली बोय लगेच काढा आणि बादलीला झाकण ठेवा, कारण बोय उडी मारते.

जिवंत कोळंबीला वेगळा हिशेब. डोक्यावरच्या काट्याखाली, आत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याला टाळून, आडवा टोचा. ठिपक्यात टोक गेलं की ती तिथेच संपते. गळ बारीक हवा, 1 नंबर ते 1/0.

फेकताना डोक्यावरून जोरात चाबूक मारल्यासारखं नको. बाजूने, झोका देत सोडा. मग दहा-पंधरा मिनिटांनी बोय पाहा. ती काय अवस्थेत परत आली यावरून बरंच कळतं. ओठ फाटलेला असेल तर फेक जोरात झाली. अंगावर समांतर खरचटा आणि खवलं गेलेली असतील तर मोठ्या माशाने धरून सोडली. म्हणजे गळाचं टोक खवल्याने झाकलेलं होतं किंवा तुम्ही झटका दिला. पोट कुरतडलेलं असेल तर चिंबोऱ्या लागल्या आहेत. फ्लोट लावून तळापासून फूटभर वर आणा. शेपटी किंवा पोटाचा तुकडा कात्रीने कापल्यासारखा गोल गेलेला दिसला, तर केंड (अंग फुगवणारे मासे) आले. ते लीडरसुद्धा कुरतडतात, आणि विषारी असल्याने खायच्या उपयोगाचे नाहीत. तिथे दुसरी बोय वाया घालवू नका, वीस-पंचवीस मीटर सरकून बसा.