विहीर एक, वह्या दोन

भूगोल आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, एकत्र प्रकल्पासाठी ‘शाश्वत विकास’ एवढाच विषय घेऊन आलात तर मी परत पाठवते. सोलापुरात बसून नेमकं विचारा: 2016 साली भौगोलिक मानांकन (त्या भागाचीच खासियत अशी अधिकृत नोंद) मिळालेली ज्वारी सोडून मंगळवेढ्याचा शेतकरी ऊस का लावतो?

गाव एकच ठरवा. भूगोलवाल्यांनी विहिरींची पातळी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर मोजायची. खाली बेसाल्ट, म्हणजे कठीण काळा खडक; भेगा असतील तिथंच पाणी मुरतं, म्हणून शेजारशेजारच्या विहिरींतही फरक पडतो. अर्थशास्त्रवाल्यांनी त्याच विहिरींच्या मालकांकडे बसायचं. ज्वारी उपटायला माणसं मिळतात का, मजुरी किती? कडब्याचे पैसे जरूर विचारा, सगळे तेच विसरतात! दोन्ही वह्यांत विहिरीचा क्रमांक एकच ठेवा, नाहीतर माहिती जुळत नाही.