कुस्कुस बघायला सुलावेसीला जाताय?

भीमाशंकरला शेकरू आपण कानानं शोधतो. कर्कश आवाज आला, फांदी हलली, की मान वर! इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तांगकोकोच्या जंगलात ही सवय उपयोगी पडत नाही. तिथला अस्वल-कुस्कुस कांगारूसारखं पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवतो, पण राहतो उंच झाडांवर आणि दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ नुसता बसून असतो. खाणं मुख्यतः पाला. त्यातून शक्ती बेताचीच मिळते आणि पचायला वेळ लागतो. म्हणून हालचाल शोधू नका, गोळा शोधा.

मानादोला उतरून गाडीनं बातुपुतिह गाव गाठायचं आणि तिथेच मुक्काम करायचा. वाटाड्या घ्याच, कुस्कुसची नेहमीची झाडं त्यालाच ठाऊक असतात. तिकडे कुस्कुसला 'कुसे' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. पहाटे निघा आणि पँट मोज्यात खोचा. पाचोळ्यातले बारीक किडे चावले तर खाज कितीतरी दिवस जात नाही. मी ती भोगली आहे.

झाडाच्या बुंध्याशी उभं राहून वर बघितलं तर आभाळाच्या उजेडापुढे सगळंच काळं दिसतं. वीस-पंचवीस पावलं मागे या, ऊन पाठीशी घ्या. शेंड्याजवळच्या बेचक्यात मुंग्यांच्या घरट्यासारखा गडद गोळा दिसला, की दुर्बीण हळूहळू त्याच्या खाली न्या. घरट्याला शेपटी नसते! कुस्कुसची शेपटी जवळजवळ अंगाएवढीच लांब, टोकाकडे बिनकेसांची. मला दिसलेल्यानं ती फांदीला घट्ट वेटोळून ठेवली होती. बऱ्याच वेळानं त्यानं एक डहाळी हातानं ओढली, जून पानं हुंगून सोडून दिली आणि टोकाची कोवळी तेवढी खाल्ली. ते बघताना मी श्वास धरून उभी होते.

एक दिसला की लगेच पुढे निघू नका. बऱ्याचदा ते जोडीनं असतात, आजूबाजूच्या फांद्याही नीट बघा.

टाळ्या वाजवून, बुंधा ठोकून त्याला उठवायला कुणाला सांगू नका. मांसासाठी त्याची शिकार होते, जंगलही कमी होतंय. माणसाच्या आवाजानं त्याला आणखी कशाला पळवायचं? फ्लॅश बंद ठेवा. आणि मुक्काम निदान दोन रात्रींचा धरा, म्हणजे पहिल्या सकाळी नाही दिसला तरी दुसरी हाताशी राहते.