चहा सांडलेला लॅपटॉप चालू होत नसेल, तर बोर्डवर दोष कसा शोधावा

इंदुरात माझ्या टेबलावर जे भिजलेले लॅपटॉप येतात, त्यांतले बरेचसे पाण्याने नव्हे तर दुधाच्या चहाने भिजलेले असतात, आणि चहापेक्षाही अधिक हानी ‘चालू होतोय का पाहू’ म्हणून पुन्हा पुन्हा दाबलेल्या बटणाने झालेली असते. ओल्या बोर्डला व्होल्टेज मिळाले की जवळजवळच्या दोन टोकांमध्ये विद्युत-अपघटन सुरू होते, तांबे विरघळून एका जागेवरून दुसरीकडे सरकते आणि गंज वेगाने पसरतो. म्हणून अ‍ॅडॉप्टर काढावा, मागचे झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर आणि असल्यास घड्याळाची छोटी बॅटरीही काढावी, आणि सफाई होईपर्यंत बटणाला हात लावू नये. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप ठेवल्याने चिपखालचा ओलावा निघत नाही; तेवढे दिवस गंज मात्र वाढत राहतो.

बोर्ड बाहेर काढल्यावर थेट अल्कोहोलने धुण्याची चूक पुष्कळ जण करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये साखर नीट विरघळत नाही, त्यामुळे चहा किंवा सरबत सांडले असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, मग 99 टक्क्यांचे अल्कोहोल, हा क्रम ठेवावा. धातूची झाकणे काढून त्यांखालीही सफाई करावी आणि मंद गरम हवेने बोर्ड पूर्ण वाळवावा.

त्यानंतर भिंगातून पाहावे, आणि या कामाला अर्धा तास द्यावा. राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप आला होता. बोर्ड वरवर लख्ख दिसत होता, पण कीबोर्डच्या कनेक्टरमागे, तिळाहूनही लहान अशा एका कपॅसिटरच्या पायाशी हिरवा ठिपका होता. सुईचे टोक लावताच तिथले सोल्डर भुग्यासारखे सुटले. तो कपॅसिटर बदलला आणि बोर्ड उठला.

नजरेला काही सापडले नाही, तर वीज न देता मल्टिमीटरने प्रत्येक मोठ्या कॉइलपासून ग्राउंडपर्यंतचा, म्हणजे बोर्डच्या ऋण टोकापर्यंतचा, रोध मोजावा, कारण बोर्डवरच्या बहुतेक मुख्य सप्लाय एखाद्या कॉइलमधूनच बाहेर पडतात. मुख्य लाइन (अ‍ॅडॉप्टरची वीज बोर्डभर नेणारी) आणि 3.3 व 5 व्होल्टच्या लाइन यांचा रोध हजारो ओहममध्ये असावा. तो दोन-चार ओहम आला तर शॉर्ट, म्हणजे लाइन जवळजवळ थेट ग्राउंडला जोडली गेली, असे समजावे. प्रोसेसरच्या कॉइलवर मात्र एक ओहमच्या आसपासचा आकडाही निरोगी असू शकतो. तेवढ्यावरून प्रोसेसर गेला असे ग्राहकाला सांगणे हा अन्याय आहे.

शॉर्ट असेल तर त्या लाइनवर बाहेरून 1 व्होल्ट द्यावे, करंटची मर्यादा 2 ते 3 अँपिअर ठेवावी आणि बोर्डवर अल्कोहोल पसरून ते कुठे सर्वांत आधी उडते ते पाहावे. दोषी कपॅसिटर बहुधा तिथेच असतो. लाइनच्या मूळ व्होल्टेजपेक्षा जास्त कधीही देऊ नये. मुख्य लाइनवर व्होल्टेज देण्याआधी ती लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यामधला रोध अवश्य तपासावा. मधला मॉस्फेट (विजेचा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट असेल तर आपण दिलेली वीज सरळ प्रोसेसरमध्ये जाते, आणि दुरुस्त होऊ शकणारा बोर्ड आपल्याच हाताने कायमचा जाऊ शकतो.

शॉर्ट नसेल तर बॅटरीविना बेंच सप्लायवरून (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठ्यावरून) अ‍ॅडॉप्टरएवढे, म्हणजे साधारण 19 व्होल्ट द्यावे आणि करंट पाहावा. आकडा शून्यावरच राहिला तर जॅक, फ्यूज आणि प्रवेशाचे मॉस्फेट तपासावेत. थोडा करंट, म्हणजे 0.02 ते 0.05 अँपिअरच्या आसपास, दिसला तर बोर्ड बटणाची वाट पाहतो आहे असे समजून 3.3 आणि 5 व्होल्टच्या कायम चालू असणाऱ्या लाइन मोजाव्यात. टाइप-सीवरून चार्ज होणाऱ्या बोर्डला मात्र असे सरळ 19 व्होल्ट देऊ नयेत. तिथे अ‍ॅडॉप्टर आणि मधला यूएसबी मीटर वापरावा. मीटर 5 व्होल्टवरच अडकला, तर किती व्होल्ट घ्यायचे याचा अ‍ॅडॉप्टरशी करार करणारी चिप किंवा तिचा 3.3 व्होल्टचा सप्लाय आधी पाहावा.

3.3 आणि 5 व्होल्टच्या दोन्ही लाइन ठीक असूनही बटण दाबल्यावर काहीच घडत नसेल, तर कीबोर्ड काढून ठेवावा. अनेक मॉडेलमध्ये पॉवर बटण त्याच्याच केबलवर असते आणि आत साचलेला चहा ते जणू सतत दाबून धरतो. बटणाच्या पिनवर साधारण 3.3 व्होल्ट असावेत आणि ती पिन ग्राउंडला क्षणभर टेकवली की करंट वाढायला हवा. करंट वाढून लगेच पडत असेल, तर एकच रॅम ठेवून पाहावे, नंतर क्रमाने रॅमचा, चिपसेटचा आणि प्रोसेसरचा सप्लाय मोजावा. जो सप्लाय येत नाही, त्याच्या आसपास गंज शोधावा. बायोसच्या (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम साठवणाऱ्या) चिपला हात घालायचा तो सर्वांत शेवटी, आणि जुना डेटा वाचून जपून ठेवल्यावरच.

एसएसडी सुटी असेल तर ती पहिल्याच दिवशी काढून दुसऱ्या संगणकावर वाचावी. ती बोर्डवरच सोल्डर केलेली असेल, तर बोर्ड उठताच, झाकण लावण्याआधी, ग्राहकाच्या फायली उतरवून घ्याव्यात. जुना, चहा मुरलेला कीबोर्ड परत बसवू नये.