फ्रेझरच्या काठावरून पिंक सॅमन गरवताना या चुका टाळा

"दिवसभर उभा राहिलो, एक मासा लागला नाही," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, किती वाजता गेला होतात? गळाला काय लावलं होतं हे त्यानंतर. कॅनडात व्हँकुव्हरजवळ फ्रेझर नदीच्या काठी, सरीच्या ब्राउन्सव्हिल बारवर (बार म्हणजे काठाची वाळूची पट्टी) किंवा स्टीव्हस्टनच्या गॅरी पॉइंटवर रिकाम्या हाताने परतणारी बहुतेक माणसं दुकानात जाऊन नवीन रंगाचा चमचा, म्हणजे गळाचा चकचकीत धातूचा तुकडा, विकत घेतात. चमचा बहुधा ठीकच असतो. वेळ चुकलेली असते.

त्याही आधी वर्ष तपासा. पिंक सॅमनचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. अंड्यातून निघालेलं पिल्लू वाळूतून वर येतं ते थेट समुद्राकडे जातं, आणि दुसऱ्या वर्षी परत येऊन अंडी घालून मरतं. म्हणून विषम आणि सम वर्षांचे थवे एकमेकांत मिसळतच नाहीत. फ्रेझरमध्ये विषम वर्षांचा थवा येतो, सम वर्षी जवळजवळ काहीच नाही. 2023 आणि 2025 ही पिंकची वर्षं होती, पुढचं 2027. ऑगस्टच्या शेवटी मासा येऊ लागतो आणि सप्टेंबरच्या मध्याला भर असतो. सम वर्षीच्या सप्टेंबरात गुलाबी चमचा घेऊन काठावर उभी राहिलेली आपली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

भरतीचं कोष्टक वाचलं, पण नदी वाचली नाही

मी मूळची वेंगुर्ल्याची. भरती-सुकती बघून गरवायला जायचं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, तरी पहिल्या हंगामात इथेच फसले. फोनवर पॉइंट ॲटकिन्सनची भरतीची वेळ बघायची आणि त्या वेळेला सरीला जाऊन उभं राहायचं. पण पॉइंट ॲटकिन्सन समुद्रावर आहे आणि ब्राउन्सव्हिलच्या समोरच्या काठावरचं न्यू वेस्टमिन्स्टर नदीच्या मुखापासून तीसेक किलोमीटर आत. भरती तिथे उशिरा पोचते. किती उशिरा, हे वरून नदीला पाणी किती आहे त्यावर ठरतं. जूनमध्ये डोंगरातलं बर्फ वितळून नदी फुगलेली असते, तेव्हा भरतीचा जोर तिच्यापुढे फारसा चालत नाही. सप्टेंबरात पाणी उतरलेलं असतं, म्हणून भरती चांगली आत शिरते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना फसवते. पाण्याची पातळी चढत असते, तरी पाणी वाहत मात्र समुद्राकडेच असतं. वरून वाहत जाणारा ओंडका बघून माणूस म्हणतो, सुकती चालू आहे, आणि सामान आवरायला घेतो. मी काठावर पोचले की पाण्याच्या कडेला वाळूत एक काडी रोवते. दहा मिनिटांनी काडीच्या बुडाला पाणी लागलं तर भरती आलेली आहे, ओंडका काहीही सांगो. मग प्रवाह हळूहळू सैल पडतो, फेसाचे पुंजके जागच्या जागी फिरू लागतात, आणि पाणी उभं राहतं. भरतीचे शेवटचे दोन तास आणि हे उभं पाणी, माझे बहुतेक मासे याच वेळात लागले आहेत. जोराच्या सुकतीत नऊ तास उभं राहण्यापेक्षा या वेळात अडीच तास उभं राहा.

लांब फेकण्याचा हव्यास

फ्रेझरचं पाणी गढूळ असतं, मातकट. हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात पिंक नदीच्या मध्यातून जात नाहीत. जिथे प्रवाह हलका असतो तिथून, म्हणजे काठाकाठाने, कमरेएवढ्या पाण्यातून वर चढतात. आणि आपण काय करतो? वेडर, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार, घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरतो आणि साठ मीटर पुढे फेकतो. मासा आपल्या पाठीमागून निघून जातो, किंवा पाय वाजले म्हणून बाहेरच्या बाजूला वळतो. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहा. आधी काठाच्या तिरपं, वरच्या अंगाला फेका, मग जरा पुढे, मग आणखी पुढे.

मासा पाण्यावर पाठ दाखवून उलटतो ते बघून सगळे त्या जागेवर तुटून पडतात. उलटणारा मासा वाटचालीला लागलेला असतो. मासा ज्या दिशेने जातोय तिकडे दोन-तीन मीटर पुढे टाका.

फार भरभर ओढणं

नदीत शिरलेला पिंक खाणं जवळपास सोडतो. समुद्रात तो कोळंबीसारखे बारीक जीव खाऊन वाढलेला असतो, म्हणून छोटी गुलाबी वस्तू समोरून संथ गेली की सवयीने किंवा चिडून तोंड मारतो. भरभर गेली तर तिच्यामागे धावत नाही. सात ते चौदा ग्रॅमचा गुलाबी चमचा किंवा जिग (जड डोक्याचा गळ), तीन-चार वेळा रीळ फिरवा, थांबा, खाली जाऊ द्या. बहुतेक वेळा मासा तो खाली जात असतानाच घेतो. झटका बसत नाही, तंगूस नुसता ढिला पडतो किंवा जड होतो. ते ओळखायला हात शिकावा लागतो, आणि त्यासाठी तंगूस बोटाखाली असायला हवा. पाणी उभं असताना बोया लावून त्याखाली जिग सोडला तर नवशिक्यालाही लवकर जमतं.

लागल्यावर घाई करू नका. पिंकचं तोंड मऊ असतं. माझे पहिल्या दिवशीचे तीन मासे पायाशी येऊन सुटले, कारण रीळचा ड्रॅग, म्हणजे तंगूस किती जोराने सुटेल ते ठरवणारा स्क्रू, आवळून ठेवला होता आणि खाडीतल्या तांबोशीसारखं ओढत होते. ड्रॅग इतका सैल ठेवा की हाताने ओढल्यावर तंगूस सहज सुटेल. दोन किलोचाच मासा आहे, त्याला एकदा-दोनदा पळू द्या.

गळाचा उलटा काटा मात्र घरूनच पक्कडीने दाबून टाका. ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी बिनकाट्याचा गळ सक्तीचा आहे. दाबल्यावर गळ जुन्या रुमालावर फिरवून बघा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे.

गळ तोंडात न लागता पोटात, पाठीत, शेपटीत लागला तर मासा सोडायचा. हा कायदा आहे. गर्दीत काही जण मुद्दाम झटके मारून असा मासा ओढतात. त्यांच्या शेजारी उभे असलात तरी तसं करू नका.

मासा न ओळखता पिशवीत टाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. त्याच पाण्यातून, त्याच दिवसांत सॉकाय, कोहो आणि चिनूक या सॅमनच्याच दुसऱ्या जातीही जात असतात, आणि त्यांतले काही थवे फार अशक्त झालेले आहेत. मासा पाण्यातच असू द्या, हात ओले करा, आणि शेपटी बघा. पिंकच्या शेपटीवर वर-खाली दोन्ही भागांत मोठे लांबट काळे ठिपके असतात, चवळीच्या दाण्यासारखे, आणि शेपटीत चांदीची झाक नसते. तोंड आतून पांढरं, हिरड्या काळसर. खवले अगदी बारीक. नराच्या पाठीवर उंचवटा येऊ लागलेला असतो. सॉकायच्या पाठीवर आणि शेपटीवर ठळक ठिपके नसतात. कोहोच्या शेपटीचे ठिपके फक्त वरच्या भागात आणि हिरड्या पांढुरक्या. चिनूकचं तोंड आतून काळं. शंका आली तर सोडा, आणि वाळूवर ओढून आणून मग सोडू नका. खवले खरवडलेला मासा पुढे जगण्याची शक्यता कमी.

परवान्यातही गफलत होते. मिशन गावाजवळच्या रेल्वे पुलाच्या खाली भरती-ओहोटीचं पाणी, तिथे केंद्राचा परवाना. पुलाच्या वर गोडं पाणी, तिथे प्रांताचा. मासा घरी न्यायचा तर परवान्यावर सॅमनचा स्टॅम्पही लागतो. केंद्राचा परवाना सोळा वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे, पण काढावा लागतोच. किती मासे, कुठल्या तारखांना, हे हंगामात मध्येच बदलतं, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी मत्स्य विभागाची सूचना वाचा. गेल्या शनिवारी चालू होतं म्हणून आज चालू असेल, हे धरून चालू नका.

कधी नदी तुम्हाला बंद असते आणि समोर आदिवासी राष्ट्रांची, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या समूहांची, जाळी पडलेली दिसतात. त्यावरून काठावर कुरकुर ऐकू येते, आपल्या माणसांकडूनही. मस्क्वीम राष्ट्राचे रोनाल्ड स्पॅरो यांना 1984 मध्ये याच नदीच्या मुखाशी परवान्यापेक्षा लांब जाळं टाकलं म्हणून पकडलं होतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1990 मध्ये न्यायालयाने मान्य केलं की त्यांचा मासेमारीचा हक्क संविधानाने राखलेला आहे. माशांच्या रक्षणाची गरज भागल्यावर पोटापाण्यासाठीचा आणि विधींसाठीचा त्यांचा वाटा आधी, आपला छंद नंतर. हे योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

चिखल आणि लाटा

सुकतीला उघडी पडलेली करडी जमीन घट्ट वाटते आणि गुडघ्यापर्यंत ओढते. वाळू आणि खडे असतील तिथूनच चाला. मोठं जहाज किंवा टग (जहाजं ओढणारी बोट) गेला की त्याची लाट मिनिटाभराने काठाला येते, तोवर आपण जहाज विसरलेलो असतो. मुलांना लाइफ जॅकेट घाला.

मासा मिळाल्यावर

पिंक चवीला वाईट, असं सांगणाऱ्या बहुतेकांनी मासा चार तास उन्हात पिशवीत ठेवलेला असतो. या माशाचं मांस नाजूक आणि कमी तेलाचं, ते पटकन पिचतं. मारल्याबरोबर कल्ले कापा, रक्त वाहू द्या, पोट साफ करा आणि बर्फात घाला. बर्फ घरून न्या. तुकडे मात्र घरी करा, कारण तपासणीला कुणी आलं तर मासा कुठला ते ओळखता आलं पाहिजे. चकचकीत रुपेरी मासाच ठेवा. ज्याची पाठ वाकून हिरवट-तपकिरी झाली आहे तो ताटात मऊ भुसभुशीत लागतो.

मीठ-कोकम लावून तासभर मुरवू नका, सुरमईला चालतं ते याला चालत नाही. तुकडी, हळद, तिखट, मीठ, लगेच रव्यात घोळवून तव्यावर. मादी असेल तर आत केशरी गाबोळी मिळेल, मोत्याएवढ्या दाण्यांची. ती पडद्यासकट अलगद काढा, मंद आचेवर झाकण ठेवून परता, कारण दाणे तडतडून अंगावर उडतात.