लिनक्स लॅपटॉप झोपेतून उठला, पण स्क्रीन काळीच? असं करा

झाकण उघडलं, पंखा फिरू लागला, कीबोर्डचे दिवे लागले, पण स्क्रीन काळी ती काळीच. उबुंटू, मिंट, फेडोरा वापरणाऱ्या अनेकांना कधी ना कधी हे बघावं लागतं, आणि हात थेट पॉवर बटणाकडे जातो. तो आवरा. बटण दाबून धरलं की सेव्ह न केलेलं काम जातंच, शिवाय बिघाड नेमका कुठे आहे हे बघायची सगळ्यात चांगली वेळही निघून जाते.

काळी स्क्रीन दिसायला सारखीच असली तरी तिच्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. फक्त पॅनलमागचा उजेड गेलेला असतो, किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकलेला असतो, किंवा अख्खं मशीनच जागं झालेलं नसतं. तिन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून पहिली दोन मिनिटं निदानाला द्या.

मशीन जागं आहे का?

कॅप्स लॉक दाबा. प्रत्येक दाबण्यासरशी त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. आता खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा आणि अगदी जवळून बघा. पासवर्डची चौकट किंवा घड्याळाचे आकडे पुसटसे दिसले, तर चित्र व्यवस्थित तयार होतंय, फक्त बॅकलाइट बंद आहे. ब्राइटनेस वाढवायचं बटण दोन-चारदा दाबून बघा. (ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइट नसतो, तिथे ही परीक्षा लागू नाही.)

टॉर्चमध्येही काही दिसलं नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. नुसत्या अक्षरांतला लॉगिन आला, तर अडचण डेस्कटॉपच्या थरात आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ने (मिंटमध्ये एफ७ने) परत या. एवढ्या ये-जा करण्यानेही कधी कधी चित्र परत येतं.

कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून ठेवा आणि एस, यू, बी ही अक्षरं दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबा. उबुंटूत ही सोय सुरू असते. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून मशीन नीट रीस्टार्ट होतं. त्यालाही दाद मिळाली नाही तरच पॉवर बटण.

नोंद वाचा

पुढच्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, मधल्या खुणा तशाच ठेवून लिहा. रीस्टार्टनंतर टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल -के -बी -१' चालवा. ही आधीच्या वेळची कर्नलची नोंद. शेवटाकडे जा. 'पीएम: सस्पेंड एंट्री' ही ओळ असेल आणि 'सस्पेंड एक्झिट' नसेल, तर मशीन झोपताना किंवा उठतानाच अडकलं. दोन्ही असतील, तर मशीन उठलं होतं आणि दोष बहुधा ग्राफिक्सचा आहे.

झोपेचा प्रकार बदलून बघा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण पुष्कळ लॅपटॉपची गाठ इथेच सुटते. 'कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही कमांड द्या. उत्तरात 'एस२आयडल' आणि 'डीप' हे शब्द येतील. चौकटी कंसातला प्रकार सध्या वापरात आहे. डीपमध्ये रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडली जाते. एस२आयडलमध्ये प्रोसेसर आणि बाकीचे भाग आपापल्या सगळ्यात हलक्या अवस्थेत थांबतात. अलीकडचे बरेच लॅपटॉप या दुसऱ्या प्रकारासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे डीपमधून उठताना ते गडबडतात. उलटही घडतं. दोन्ही शब्द दिसत असतील, तर जो चालू नाही तो वापरून बघा.

बदल आधी तात्पुरता करा. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, पहिल्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' (किंवा 'एस२आयडल') लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो, म्हणून बिनधास्त करा. झाकण बंद-उघड करून पाच-सहा वेळा खात्री पटली, की मगच '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये तो कायमचा लिहा आणि उबुंटू-मिंटवर 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. काही थिंकपॅडच्या बायोसमध्येच झोपेच्या प्रकाराचा पर्याय असतो. तिथे 'लिनक्स' निवडता येतं.

ग्राफिक्सवर संशय असेल तर

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल, तर 'एनव्हिडिया-सस्पेंड', 'एनव्हिडिया-हायबरनेट' आणि 'एनव्हिडिया-रिझ्यूम' या तिन्ही सेवा 'सुडो सिस्टमसीटीएल इनेबल' लिहून सुरू करा. झोपण्याआधी ग्राफिक्स मेमरी जपून ठेवण्यात त्यांचा हात असतो. इंटेलवर स्क्रीन काळी होण्याऐवजी लुकलुकत असेल किंवा जुनंच चित्र गोठून राहत असेल, तर ग्रबमध्ये वरच्याच पद्धतीने 'आय९१५.इनेबल_पीएसआर=०' वापरून बघा. बॅटरी थोडी जास्त लागेल.

इंटरनेटवर सापडलेले दहा पर्याय एकदम त्या ओळीत ओतू नका. एक बदला, तपासा, उपयोग नसेल तर काढा. नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तीच ओळ नवा बिघाड घेऊन येते.

कालपर्यंत सगळं ठीक होतं आणि अपडेटनंतर बिघडलं, तर हे सगळं सोडून ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. त्यावर झोप नीट चालली, तर दोष नव्या कर्नलचा. लॅपटॉपचं मॉडेल, दोन्ही कर्नलचे क्रमांक आणि वरची नोंद जोडून तुमच्या वितरणाकडे (उबुंटू, मिंट, फेडोरा, जे असेल त्याकडे) बग नोंदवा. तोवर पॉवर सेटिंगमध्ये आपोआप सस्पेंड होणं बंद ठेवा, आणि बॅगेत टाकण्याआधी लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा.