समुद्री तारांच्या इतिहासावर लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांची मुद्रितं तपासणं हे माझं काम, आणि समुद्राखालून गेलेल्या तारा हा माझा आवडता विषय. त्यामुळे या विषयावर कुणी काही लिहिलं की ते फिरत फिरत माझ्याकडे येतंच. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. एका रात्रीत दोन-चार पानं चाळायची आणि सकाळी लेख पाठवून द्यायचा, ही घाई मला मनापासून खुपते. ज्या कामात माणसांनी उमेदीची वर्षं घातली, त्यावर लिहिताना चार दिवस तरी द्यावेत.

१८५७ ची बातमी समुद्री तारेने लंडनला गेली

नाही गेली. ही चूक मी इतक्यांदा खोडली आहे की आता ‘तारेमुळे इंग्रज वाचले’ एवढं वाक्य दिसलं तरी माझं पेन थांबतं.

काही वर्षांपूर्वी एका अंकासाठी असाच लेख आला होता. मेरठला भडका उडाला आणि ‘काही तासांत समुद्राखालच्या तारेने राणीला खबर मिळाली’, असं त्यात होतं. मी समासात लिहिलं, ‘कोणती तार? कुठून कुठे?’ लेखकाचा फोन आला. तारेमुळेच इंग्रजांचं राज्य टिकलं, असं एका जुन्या पुस्तकात आहे, ते म्हणाले. मी सांगितलं, ती तार जमिनीवरची. ११ मे १८५७ ला दिल्लीहून अंबाल्याला खबर गेली ती खांबांवरच्या तारेने, देशातल्या देशात. त्यांना पटलं नाही. संपादक म्हणाले, छपाई अडली आहे, जाऊ दे. ते वाक्य तसंच छापून आलं.

दिवाळी सरल्यावर तारखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं पत्र आलं. चार फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. शेवटच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने नकाशा काढला होता: मुंबईहून आगबोट, सुएझ, मिसर ओलांडून अलेक्झांड्रिया, पुन्हा आगबोट, युरोपचं बंदर आणि तिथून पुढे तार. मेरठची १० मेची बातमी लंडनला पोचली ती जूनच्या अखेरीस. खाली एकच ओळ होती: ‘आमच्या खात्याबद्दल लिहिताना निदान नकाशा तरी बघावा.’ ते पत्र मी अजून ठेवलं आहे. संपादकांशी वाद घालून ती ओळ मी रोखायला हवी होती, ही टोचणीही त्यासोबत राहिली आहे.

आता याच चुकीची उलटी बाजू. ‘तेव्हा समुद्राखाली एकही तार नव्हती’ असं लिहिलंत तर तेही चूकच. डोव्हर-कॅले केबल १८५१ पासून चालू होती. म्हणजे त्या बातमीने शेवटची छोटी खाडी समुद्राखालूनच ओलांडली असणार. आणि १८५७ चा समुद्री केबलशी खरा संबंध हवाच असेल, तर तो अटलांटिकमध्ये सापडतो. हिंदुस्थानातल्या लढाईमुळे कॅनडातल्या दोन पलटणींना इंग्लंडला परतण्याचा हुकूम गेला होता. पुढे गरज उरली नाही, म्हणून ऑगस्ट १८५८ च्या अखेरीस तो हुकूम नव्या अटलांटिक केबलवरून रद्द केला गेला. त्या दोन छोट्या संदेशांनी सरकारचे ५० हजार पौंड वाचल्याचा हिशेब तेव्हाच मांडला गेला. केबल मात्र पुढे काही दिवसही धड चालली नाही.

म्हणून माझी सवय सांगते. तारेचा उल्लेख आला की मी कागदावर दोन ठिपके काढते आणि त्यांना नावं देते. दोन्ही ठिपक्यांना नाव देता आलं नाही तर वाक्य खोडते.

टाकली म्हणजे चालली

माझ्या मते सगळ्या चुकांची आई हीच. ‘१८५८ मध्ये युरोप आणि अमेरिका तारेने जोडले गेले’ इथे लेख संपतो आणि वाचकाला वाटतं, तेव्हापासून सगळं सुरळीत. प्रत्यक्षात ५ ऑगस्टला केबल किनाऱ्याला लागली. १६ ऑगस्टला राणीचा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांना संदेश सुरू झाला. ९८ शब्द, १६ तास. एका शब्दाला जवळपास १० मिनिटं. न्यूयॉर्कमध्ये इतकी आतषबाजी झाली की सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. उरलेल्या केबलचे चार-चार इंचांचे तुकडे टिफनीच्या दुकानाने आठवण म्हणून विकले. आणि १ सप्टेंबरला या केबलमागचे उद्योजक सायरस फील्ड यांची मिरवणूक निघाली त्याच सुमारास तार मुकी झाली होती.

त्या तुकड्याकडे नीट बघा, म्हणजे कारण हाताला लागतं. मधोमध तांब्याच्या सात बारीक तारा एकत्र पिळलेल्या. त्यावर गटापर्चाचे, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे, तीन थर, मग डांबरात भिजवलेला ताग आणि बाहेरून लोखंडी तारांचे १८ पेड. सगळं मिळून जाडी करंगळीएवढी. एका सागरी मैलात तांबं होतं फक्त १०७ पौंड. १८६६ च्या यशस्वी केबलमध्ये तेच ३०० पौंड झालं, आणि गटापर्चा २६१ वरून ४०० पौंडांवर गेला.

इथे हमखास दुसरी चूक होते: सगळं खापर केबल कंपनीचे वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांच्यावर. त्यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब देऊन केबल जाळली, एवढंच लिहितात. तो दाब दिला हे खरं, आणि मरायला टेकलेली केबल त्याने लवकर मेली हेही खरं. पण केबल मुळात आजारीच होती. घाईत बनवलेली. दोन कारखान्यांनी अर्धी-अर्धी केली आणि दोघांचे पीळ उलट-सुलट. उघड्यावर उन्हात पडून गटापर्चा मऊ झाला आणि आतलं तांबं मधलं राहिलं नाही. एकाला दोषी धरलं की लेख पटकन पूर्ण होतो, म्हणून लोक हा आडमार्ग धरतात. मला तो मान्य नाही. अपयशाची चौकशी करणाऱ्या सरकार आणि कंपनीच्या संयुक्त समितीने साक्षी घेतल्या आणि १८६१ मध्ये अहवाल दिला. पुढची प्रत्येक केबल त्या अहवालाच्या खांद्यावर उभी आहे.

तांबड्या समुद्राची केबल हे याहून मोठं उदाहरण, आणि आपल्या जवळचं. १८५९-६० मध्ये सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत ती टाकली. टाकताना पुरेशी ढील दिली नाही. पतंग उडवणाऱ्या पोरालाही ढील म्हणजे काय ते कळतं. समुद्राचा तळ म्हणजे फरशी नव्हे, तिथे प्रवाळाचे कडे आहेत. दोन कड्यांवर वाळत घातलेल्या दोरीसारखी ताणलेली केबल, तिच्यावर शंख-शिंपले आणि शेवाळ चढत गेलं, आणि त्या वजनाने ती तुटत राहिली. सरकारने मात्र आठ लाख पौंडांवर साडेचार टक्के व्याजाची हमी देऊन ठेवली होती, केबल चालो वा न चालो. वर्षाला ३६ हजार पौंड, ५० वर्षं. ‘१८६० मध्ये हिंदुस्थान इंग्लंडशी जोडला गेला’ असं ज्यांनी लिहिलंय, त्यांनी हा आकडा शेजारी मांडून बघावा.

मी प्रत्येक केबलसाठी वहीत चार तारखा लिहिते: टाकायला घेतली कधी, किनाऱ्याला लागली कधी, पहिला संदेश कधी, बंद पडली कधी. चारांपैकी एक जरी रिकामी असेल तरी त्या केबलवर लिहायला बसत नाही. ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे, पण माझं काम तिने भागतं. १८६५ ची अटलांटिक केबल ‘वाया गेली’ असं लिहिणारेही याच वहीत सापडतात. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून २ ऑगस्टला ती तुटून दोन मैलांहून खोल गेली. पुढच्या वर्षी नवी केबल २७ जुलैला न्यूफाउंडलंडला पोचवून तेच जहाज मागे वळलं, जुनीचं टोक गळ टाकून वर काढलं, जोडलं आणि सप्टेंबरमध्ये तीही किनाऱ्याला नेली.

कट-कट कडकट्ट

समुद्री तारेच्या खोलीचं वर्णन करताना सगळे खांबावरच्या तारेचा आवाज घालतात. लांब केबलवर तसा आवाज नव्हता. पाण्याखालची लांब तार विजेने भरायला आणि रिकामी व्हायला वेळ घेते. शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी दाखवलं की लांबी दुप्पट झाली तर हा उशीर चौपट होतो. पलीकडे पोचतो तो क्षीण, पसरट प्रवाह, त्याने हातोडी हलत नाही. म्हणून थॉमसन यांनी चिमुकला आरसा लावलेला गॅल्व्हनोमीटर, म्हणजे क्षीण प्रवाहही दाखवणारं यंत्र, केला. अंधारी खोली, पट्टीवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका. डावीकडे गेला तर टिंब, उजवीकडे गेला तर रेघ. एकजण टक लावून अक्षरं सांगणार, दुसरा लिहिणार. पुढे सायफन रेकॉर्डर आला आणि कागदी पट्टीवर शाईची नागमोडी रेघ उमटू लागली. तासन्‌तास त्या ठिपक्याकडे बघत बसलेल्या माणसांच्या डोळ्यांचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या खोलीत खोटा कडकडाट घालू नका.

आता भराभर.

गटापर्चा म्हणजे रबर नव्हे. मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या झाडांचा तो चीक, थंड पाण्यात आणि दाबाखाली उत्तम टिकणारा. तो काढायला झाडंच्या झाडं तोडली गेली.

मैल म्हणजे सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. १.६ ने गुणलंत तर २००० मैलांमागे जवळपास ५०० किलोमीटर हरवतात. आणि केबलची लांबी हे दोन किनाऱ्यांमधलं अंतर नसतं, त्यात ढील धरलेली असते.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याची बातमी १८६५ मध्ये अटलांटिक केबलने आली आणि मुंबईचा कापूसबाजार कोसळला, असं लिहू नका. त्या वसंतात अटलांटिकमध्ये चालू केबलच नव्हती. बातमी इंग्लंडला आगबोटीने आली.

‘लंडन ते मुंबई एकच तार’ हेही नको. १८७० ची साखळी बघा: इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं पोर्थकर्नो, लिस्बनजवळचं कार्काव्हेलोस, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, मग जमिनीवरून सुएझ, पुन्हा पाण्यातून एडन आणि मुंबई. ठाण्याठाण्यावर माणसं संदेश उतरवून घेऊन पुढे पाठवत. मुंबई-एडन तुकडा ‘ग्रेट ईस्टर्न’नेच फेब्रुवारी १८७० मध्ये टाकला. सुएझ कालवा नुकताच उघडला होता, पण इतकं मोठं जहाज त्यातून जाणार नव्हतं, म्हणून ते आफ्रिकेला वळसा घालून आलं. टाक्यांमधल्या केबलला ऊन लागू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. १८५८ च्या, उन्हात पडलेल्या केबलचा धडा बारा वर्षांनी असा उपयोगी पडला.

मुंबई फक्त शेवटचं ठाणं

एक चूक मराठी लेखकांनी तरी करू नये. जुन्या कागदात ‘मुंबई इलाखा’ दिसला की केबल मुंबईला आली असं लिहून मोकळे होतात. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून कराचीच्या तारेचा पत्रव्यवहारही मुंबईच्या कागदांत असतो. १८६४ ची इराणच्या आखातातली केबल कराचीच्या पश्चिमेकडच्या ग्वादरहून आखाताच्या टोकाला असलेल्या फावला गेली, मुंबईत ती उतरली नाही. पुढे तुर्कस्तानातल्या जमिनीवरच्या तारेवर संदेश अनेक दिवस रखडत, आणि इंग्रजी न येणाऱ्या कारकुनांच्या हातून ओळखू न येण्याइतके बदलून जात.

पण त्या केबलमध्ये मुंबईचा वाटा होता आणि तो कुणी लिहीत नाही. इंग्लंडहून केबल भरून आणणाऱ्या शिडाच्या जहाजांमध्ये ‘ट्वीड’ आणि ‘असई’ ही दोन होती. दोन्ही मूळची मुंबईच्या गोदीत बांधलेली, हिंदी आरमाराची लढाऊ जहाजं. ‘ट्वीड’चं पहिलं नाव ‘पंजाब’, वाडिया घराण्याच्या कारागिरीचं, १८५४ मध्ये पाण्यात उतरलेलं. आरमाराने विकल्यावर त्याची वाफेची यंत्रं काढली आणि शिडं चढवली. आखातात आगबोटींनी त्या जहाजांना ओढत नेलं आणि मागून केबल पाण्यात सुटत गेली. तिच्यातला बराचसा भाग मुंबईच्या गोदीत घडलेल्या सागवानी पोटांतून उतरला आहे.